राजदूत ३५० की येझदी रोडकिंग? मामाची गाडी, बाबांची गाडी

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

कानात इअरफोन घालून गाडी चालवत ऐकत असाल, तर आधी बाजूला थांबा. आजचा भाग थोडाफार त्याच विषयाचा आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांची एकच फर्माईश आली. दादा, जुन्या स्पोर्ट्स कारची टक्कर लावा. जग्वार ई-टाइप की पोर्शे ९११? मी दोन रात्री बसून आकडे काढले. १९६१ ची ई-टाइप, ३.८ लीटर इंजिन, २६५ हॉर्सपॉवर. १९६४ ची ९११, २ लीटर, १३० हॉर्सपॉवर. सगळं लिहून झालं आणि मग वाटलं, अरे, यातल्या एकाही गाडीला मी आयुष्यात हात लावलेला नाही. वाचलेलं वाचून दाखवायचं तर ते तुम्हीही वाचू शकता की.

आणि खरं सांगू का, ऐंशीच्या दशकातल्या नागपुरात स्पोर्ट्स कार असं काही नव्हतंच. रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तीही नंबर लावून मिळायची. ज्याला वेगाची भूक होती त्याला ती दोन चाकांवरच भागवावी लागायची. मग त्या काळातल्या दोन गाड्यांची टक्कर लावायची तर कोणत्या? माझ्यासाठी उत्तर सोपं आहे, कारण दोन्ही आमच्या घरच्या अंगणात उभ्या होत्या. मामाची राजदूत ३५०, म्हणजे जिला सगळे आरडी म्हणतात ती. आणि बाबांची येझदी रोडकिंग.

उभ्या होत्या म्हणालो, कारण आता तसं नाही. महालातलं आमचं जुनं घर पाडून तिथे फ्लॅट होत आहेत. माझ्या वाट्याला दुचाकीची एकच जागा आली. एकच. त्यामुळे कोणती श्रेष्ठ हा प्रश्न माझ्यासाठी नुसता गप्पांचा राहिला नव्हता. एक ठेवायची होती आणि एक द्यायची होती.

आधी थोडी ओळख

राजदूत हे नाव ऐकलं की जुन्या लोकांना दूधवाला आठवतो. राजदूत १७५, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, गावाकडचा रस्ता. ती गाडी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. त्याच एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाशी करार करून आरडी ३५० इथे बनवायला घेतली आणि तिलाही राजदूतच नाव लावलं. म्हणजे नाव दूधवाल्याचं आणि आत इंजिन रेसच्या घराण्यातलं!

ही गाडी मुळात १९७३ ची. अमेरिकेत तिचा जमाना १९७५ ला संपला, पुढे आरडी ४०० आली. आपल्याकडे ती दहा वर्षांनी आली. पण त्या दहा वर्षांत आपल्या रस्त्यावर तिच्यापुढे जाणारं दुसरं काही आलेलं नव्हतं, त्यामुळे ती जुनी वाटलीच नाही.

येझदीची गोष्ट वेगळी. जावा ही चेकोस्लोव्हाकियाची कंपनी. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी १९६० मध्ये म्हैसूरला आयडियल जावा काढली. आधी गाड्यांवर जावा नाव असायचं, १९७३ पासून येझदी झालं. येझदी म्हणजे इराणच्या यझ्द शहराचा. आणि गंमत बघा, चेक भाषेत ‘येझदी’चा अर्थ होतो, चालवतो, स्वारी करतो. रोडकिंग आली १९७८ मध्ये आणि कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत बनत राहिली.

फेरी पहिली: इंजिन

दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक, दोन्ही हवेवर थंड होणाऱ्या. इथे साम्य संपलं.

आरडीला दोन सिलिंडर, मिळून ३४७ सीसी, ६ गिअर. आपल्याकडे तेव्हा ३-४ गिअरचा जमाना होता. जपानी आरडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर. इथे आली ती ३०.५ ची, तिला एचटी म्हणजे हाय टॉर्क म्हणतात. १९८५ च्या सुमारास मायलेज वाढावं म्हणून आणखी कमी केली, २७ हॉर्सपॉवर, ती एलटी. मामाची १९८४ ची, एचटी.

रोडकिंगला एकच सिलिंडर, २४८.५ सीसी, १६ हॉर्सपॉवर, ४ गिअर. पण सायलेन्सर दोन! बघणाऱ्याला वाटतं डबल सिलिंडर आहे. तसं नाही. एकाच सिलिंडरमधून धूर बाहेर पडायला दोन वाटा, म्हणून दोन नळ्या.

आता जग्वार-पोर्शेचे आकडे वाया घालवायचे नाहीत म्हणून एक हिशेब केला. एका लीटरमागे किती हॉर्सपॉवर? ई-टाइप साधारण ७०. ९११ साधारण ६५. रोडकिंग ६४. आणि आरडी? ८८! हो, मला माहीत आहे, ही तुलना सरळ नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरी सोडून. तरी पण आपल्या काटोल रोडवर धावणारी गाडी त्या हिशेबात जग्वारच्या पुढे होती, हे ऐकायला बरं वाटतं की नाही?

दोघींच्या स्वभावातला फरक कुठून येतो, तेही सांगतो. रोडकिंगमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आत कधी घ्यायचं हे पिस्टनच ठरवतो. तो वर गेला की वाट उघडते, खाली आला की बंद. साधी व्यवस्था. आरडीमध्ये त्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह आहे, म्हणजे पातळ पट्ट्यांची झडप. आतून ओढ लागली की पट्ट्या उघडतात, मिश्रण उलटं यायला लागलं की आपोआप मिटतात. त्यामुळे आरपीएम वाढला तरी इंजिन पोटभर श्वास घेतं.

चालवताना याचं काय होतं? रोडकिंग खालूनच ओढते. डबलसीट, मागे गव्हाचं पोतं, तिसऱ्या गिअरमध्ये रमतगमत गेली तरी तक्रार नाही. आरडी साडेचार-पाच हजार आरपीएमपर्यंत शहाण्या मुलासारखी असते. त्याच्या पुढे काटा गेला की कोणीतरी मागून ढकलल्यासारखं होतं. मामा म्हणायचे, ‘ते गाडी आधी इचारते, मग इचारतच नाही.’

ही फेरी आरडीची. वादच नाही.

फेरी दुसरी: ब्रेक

इथे जरा थांबू.

जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आली ती दोन्ही चाकांना ड्रम घेऊन. येझदीलाही दोन्हीकडे ड्रमच. पण १६ हॉर्सपॉवरच्या गाडीला ड्रम असणं वेगळं आणि ३० च्या गाडीला असणं वेगळं. ड्रमचा प्रश्न असा की वारंवार जोरात दाबला की आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि पकड सैल होत जाते. मेच्या ४५ डिग्रीत तर विचारूच नका.

तुमच्यासाठी आजचा हिशेब देतो. ड्यूक २०० ची ताकद साधारण २५ हॉर्सपॉवर. तिला डिस्क ब्रेक, एबीएस, रुंद टायर. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. १९८४ मध्ये मामा त्याहून जास्त ताकदीची गाडी चालवत होते. ड्रमवर, बारीक टायरवर, हेल्मेटशिवाय, खड्ड्यातून.

आरडीला पोरांनी एक नाव पाडलं होतं, रॅपिड डेथ. आज आपण ते हसत हसत सांगतो. आमच्या घरी कोणी हसत नाही.

मामाचं काटोलला संत्र्याचं वावर. १९८४ ला बहार चांगला आला, भाव मिळाला आणि त्यांनी घरी न विचारता आरडी घेतली. वय २४. काटोल ते नागपूर ६० किलोमीटर, ते किती मिनिटांत मारलं याचे किस्से मी लहानपणापासून ऐकले. १९८७ च्या दिवाळीत रात्री येताना समोर एक बंडी होती, बैलबंडी. मागे दिवा नाही, कंदील नाही. दोन महिने मेडिकलला होते. उजवा पाय आजही पूर्ण वाकत नाही.

घरात सगळ्यांनी गाडीला शिव्या दिल्या. आजीने तर ती विहिरीत ढकला म्हटलं. मामा एकटेच काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी दुरुस्त केली, आमच्या अंगणात आणून लावली, वर ताडपत्री टाकली आणि बाबांना म्हणाले, ‘भाऊजी, तुमच्याजवळ राहू द्या.’

ही फेरी मी कोणालाच देत नाही. पण येझदी निदान आपली पायरी ओळखून होती.

फेरी तिसरी: रोजचं जगणं

बाबा पोस्टात होते. त्यांची रोडकिंग म्हणजे ऑफिस, भाजी, आम्हा दोघा भावंडांची शाळा, वर्षातून एकदा रामटेक. रोडकिंगची एक गंमत तुम्हाला माहीत नसेल. किक आणि गिअर यांचा लिव्हर एकच! डावीकडचा तो लिव्हर आत ढकलून वर फिरवला की किक, मारून झाली की परत खाली, आता तो गिअर. पहिल्यांदा बघणारा पोरगा किक शोधत गाडीभोवती फिरतो. आणखी एक, गिअरचा लिव्हर दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे क्लचची तार तुटली तरी माणूस घरी पोचतो. बाबा एकदा वर्ध्याहून तसेच आले होते, ७५ किलोमीटर.

साखळी पूर्ण झाकलेली, धूळ जात नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल हाताने मिसळायचं. पंपावर आधी ऑईल, मग पेट्रोल, मग गाडी दोन्ही बाजूंना हलवायची. मला ते हलवण्याचं काम मिळायचं. आरडीला यासाठी वेगळी टाकी आणि पंप, ऑटोल्यूब. एक्सलरेटर जितका ओढाल तितकं ऑईल. व्यवस्था हुशार, पण तो पंप नीट लागलेला पाहिजे. आमच्या उन्हाळ्यात ऑईल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरून बसतो, चाक जागेवर जाम.

मायलेज? मामा सांगतात २० च्या आसपास, आणि सांगताना नजर चुकवतात. दोन कार्बोरेटर, दोघांचं ट्युनिंग जुळलं पाहिजे. गावोगावच्या मिस्त्रीला एका सिलिंडरची सवय. आमचे गॅरेजवाले काका म्हणतात, ‘येझदी पान्याने होते, आरडीले कान लागतो.’

आरडीचं दुकान पाच-सहा वर्षांतच का गुंडाळलं, तेही यातच आलं. महाग, तहानलेली, सुटे भाग मिळायची मारामार. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, पेट्रोलचा वास घेऊन चालणारी. आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्सनेच यामाहाची आरएक्स १०० आणली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजनाला फूल. पोरांना जी मजा पाहिजे होती, ती त्यांना निम्म्या कटकटीत मिळाली. आरडीला बाहेरच्या कोणी हरवलं नाही, घरच्याच धाकट्या भावाने हरवलं. १९८९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. पुढे धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकलचा काळच संपला. तोही निर्णय चुकीचा नव्हता. टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर जातं. आपल्याला आवडणारा तो वास म्हणजे तेच.

ही फेरी रोडकिंगची.

फेरी चौथी: आजची किंमत

इथे आरडी पुन्हा उसळी मारते. बनल्याच कमी, उरल्या त्याहून कमी. त्यात धोनीकडे आरडी आहे हे सगळ्यांना माहीत. एचटी असेल, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर जुळत असतील, तर लोक तोंडाला येईल तो भाव सांगतात. पुण्याच्या एका गृहस्थांनी मला जो आकडा सांगितला, तो येझदीच्या कितीतरी पट होता. त्यांना ती हॉलमध्ये ठेवायची होती, सोफ्याच्या मागे, वरून लाईट सोडून.

येझदीचं नाव २०२२ मध्ये परत आलं, नवी फोर-स्ट्रोक इंजिनं घेऊन. त्यामुळे जुन्या रोडकिंगलाही थोडा मान आला. पण भावात आरडीशी बरोबरी नाही.

आणि कागदपत्रांचं विसरू नका. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पुन्हा पासिंग. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं झाली की गाडी व्हिंटेज धरतात, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, पण मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. मामाची आरडी २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आधी कागद बघा, मग रंग बघा.

मग मी काय केलं?

बाबा २०१९ मध्ये गेले. रोडकिंग मी तेव्हापासून चालवतो, रविवारी तर्री पोहे खायला तरी काढतोच. आरडी मात्र मी कधीच चालवलेली नव्हती. बाबांनी हात लावू दिला नाही आणि ते गेल्यावर मी स्वतःच लावला नाही. पण तिचा हक्क मामाचा. म्हणून मी त्यांना फोन केला. म्हटलं, ‘मामा, एकच जागा आहे.’

ते आले, आता साठीच्या पुढे आहेत. म्हणाले, ‘आधी चालू तर कर.’ गॅरेजवाल्या काकांनी पंधरा दिवस घेतले. टाकी धुतली, दोन्ही कार्बोरेटर खोलले, ब्रेकचे लायनर नवे टाकले, टायर-ट्यूब बदलले. मग एका सकाळी साडेपाचला मी पुढे, मामा मागे, दोघांना हेल्मेट, काटोल रोड.

पहिले पाच-सात किलोमीटर मी ती अशी चालवली जशी आजीला देवळात नेतो. मामा मागून बोटाने टोचून राहिले, ‘ओढ ना बे.’ रस्ता मोकळा होता. तिसऱ्यात ओढली. काटा पाच हजारांच्या पुढे गेला आणि मंडळी, मला शब्द नाहीत. आवाज बदलला, हात ताणले गेले आणि समोरचं झाड एकदम जवळ आलं. मी खरंच ओरडलो. भीतीने की आनंदाने, आजही सांगता येत नाही. मागे मामा हसत होते, मोठ्याने. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

आणि मग मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, अगदी सरळ थांबली. पण मला वाटलं होतं त्याच्या बरीच पुढे जाऊन.

बाजूला उभी करून आम्ही चहा घेतला. मी विचारलं, जे घरात कोणी विचारत नाही ते. त्या रात्री ब्रेक लागला नव्हता का? मामा म्हणाले, ‘लागला ना. गाडी थांबली असती. मीच उशिरा दाबला. कंदील नव्हता हे खरं हाय, पण रात्री दिसते त्याच्यापेक्षा जास्त मी पळवत होतो. गाडीचा दोष काहून द्यायचा? ते तर तिचं काम करत होती.’

छत्तीस-सदतीस वर्षं आमच्या घरात गाडी दोषी होती. त्यांनी ते वाक्य कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनीच निकाल दिला. ‘येझदी ठेव. तुझ्या बापाची हाय म्हणून नाही, तू रोज चालवतो म्हणून. आणि आरडी त्याले दे जो चालवीन. त्या सोफ्याच्या मागे नोको ठेवू तिले.’

आरडी आता अमरावतीला आहे. घेणारा माणूस स्वतः मिस्त्री आहे, वय पन्नास, दोन आरडी आधीच सांभाळतो. पुण्याच्या भावापेक्षा बरेच कमी पैसे आले. माझी बायको अजून मधूनमधून ऐकवते आणि तिचं म्हणणं अगदीच चूक नाही, फ्लॅटचा हप्ता सुरू आहे. किल्ली देताना मामांनी जुनं कीचेन काढून खिशात टाकलं. बोलले काहीच नाहीत.

तर निकाल लिहून घ्या. यंत्र म्हणून कोण श्रेष्ठ? राजदूत ३५०, निर्विवाद. १९८४ च्या नागपुरासाठी, इथल्या रस्त्यांसाठी, इथल्या मिस्त्रींसाठी, पोस्टातल्या पगारासाठी कोण योग्य? येझदी रोडकिंग. तुम्हाला आज मिळाली तर कोणती घ्यावी? जी चालवाल ती. आणि जी घ्याल तिच्या इंजिनावर एक रुपया खर्च करण्याआधी ब्रेकवर दोन करा.

फुटाळ्यावर रील बनवणाऱ्या माझ्या भावांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुमच्याकडे एबीएस आहे, चांगलं आहे. पण तुम्हाला रात्री किती लांबचं दिसतं, हे एबीएस बदलत नाही.

तुमच्या घरी ताडपत्रीखाली एखादी गाडी उभी असेल, तर तिची गोष्ट घरातल्या मोठ्या माणसाला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या चार-पाच गोष्टी आल्या तर त्यांचाच एक भाग करू. तोपर्यंत हेल्मेट घाला, पट्टा लावा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!